शेवटची पानं वाचकाला द्या

मराठवाड्यात इतिहासाची आणि विचारांची पुस्तकं कोण वाचतं, हे पाहायचं असेल तर तालुक्याच्या वाचनालयातलं देवघेवीचं रजिस्टर उघडावं. त्यात अभ्यासिकेत दिवसभर बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली असतात, निवृत्त शिक्षक असतात, पतसंस्थेतला कारकून असतो आणि सोयाबीन निघाल्यावर हात मोकळे झालेला शेतकरीही असतो. कादंबऱ्यांना मागणी अजूनही जास्त आहे. पण माणूस आफ्रिकेतून निघाल्यापासून आजपर्यंतचा सगळा प्रवास एका जाड ग्रंथात सांगणारी पुस्तकं, पैशाचा इतिहास, साथींचा इतिहास, साम्राज्यं का कोसळली याची चर्चा करणारे अनुवाद, यांच्यासाठी आता नाव नोंदवून थांबावं लागतं. मी अशाच एका वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीत आहे, त्यामुळे हा बदल जवळून पाहतो आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

या वाचनाकडे नाक मुरडणारे विद्वान आमच्याकडे कमी नाहीत. चार पानांत चार हजार वर्षं उरकणारी पुस्तकं, असं म्हणून ते ती बाजूला सारतात. मला हा आक्षेप पटत नाही. जिच्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तकच नव्हतं, अशी मुलगी या पुस्तकांमुळे पहिल्यांदा विचारायला लागते की राज्य म्हणजे नेमकं काय, नोटेला किंमत कुठून येते, व्यापार आणि धर्म एकमेकांच्या आधाराने कसे पसरतात. प्रबंधाने तिला हे दिलं नसतं, कारण प्रबंध तिच्यापर्यंत पोचतच नाही. तो विद्यापीठाच्या कपाटात राहतो. सोपं लिहिण्यात कमीपणा नाही आणि मोठा पट मांडण्यातही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ही पुस्तकं मराठीत येताना त्यांची शेवटची पानं अनेकदा गळतात. मूळ इंग्रजी आवृत्तीत टिपा असतात, संदर्भ असतात, विषयसूची असते. कुठलं विधान कुणाच्या अभ्यासावर उभं आहे हे तिथे लिहिलेलं असतं. अनुवादात कधी त्यांतली निम्मी राहतात, कधी एकही राहत नाही. आणि थेट मराठीत लिहिलेला लोकप्रिय इतिहास पाहिला, तर पुष्कळदा ही पानं पहिल्यापासूनच नसतात. वाचकाच्या हाती विधान पडतं. ते कशाच्या जोरावर केलं, हे पडत नाही. मग त्याने एक तर ते जसंच्या तसं मानायचं, नाही तर सोडून द्यायचं. तिसरी वाट पुस्तकानेच बंद केलेली असते.

शेतीचंच घ्या. शेती सुरू झाल्यामुळे माणसाचं भलं झालं नाही, शिकार आणि कंदमुळांवर जगणारा माणूस जास्त सकस खात होता आणि कमी राबत होता, अशी मांडणी अलीकडच्या अनेक लोकप्रिय पुस्तकांत येते. आमच्याकडचा वाचक तिथे थबकतो. ज्याच्या घरी कापूस आहे, ज्याच्या गावातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमाराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात, त्याला हे वाक्य परकं वाटत नाही. ते त्याला आपल्याच आयुष्याचा खुलासा वाटतो, आणि म्हणून तो ते पूर्णपणे स्वीकारतो. या मांडणीमागे आहे काय? जुन्या सांगाड्यांची उंची, दातांना लागलेली कीड, हाडांवर उमटलेल्या कुपोषणाच्या आणि आजारांच्या खुणा. सगळ्या ठिकाणची हाडं एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहेत.

असा अभ्यास आपल्याजवळही झालेला आहे, हे तर कुणी सांगतच नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. तिथल्या सांगाड्यांच्या हाडांवरून आणि दातांवरून त्या लोकांच्या आहाराचा अभ्यास झाला. शेवटच्या टप्प्यात, इ.स.पू. १००० च्या सुमाराला, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसायला लागतात, शेती आखडते, लोक जनावरांवर आणि शिकारीवर जास्त विसंबतात. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण हवामान कोरडं होत गेलं असं मांडलं. पुढच्या अभ्यासकांनी तीच हाडं पुन्हा तपासून त्या मांडणीवर प्रश्न उभे केले. इनामगावची ही वस्ती ज्या जोर्वे संस्कृतीत मोडते, तिची वस्ती गोदाकाठी, पैठणजवळच्या आपेगावलाही सापडलेली आहे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्या लातूरने प्यायलं, त्या लातूरच्या वाचकासाठी तीन हजार वर्षांपूर्वी पाऊस खरंच हटला होता का आणि तेव्हाच्या शेतकऱ्याने काय केलं, याहून जिव्हाळ्याचा प्रश्न कुठला असेल? जगाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकाच्या मराठी आवृत्तीत अनुवादकाने चार ओळींची टीप दिली असती, तर हा वाचक तिथून इनामगावला आणि आपेगावला पोचला असता. टीप नाही, म्हणून तो पोचत नाही.

आता दौलताबादकडे या. हा किल्ला पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते: वेड्या महंमद तुघलकाने सगळी दिल्ली उचलून इथे आणली आणि मग परत नेली. लोकप्रिय पुस्तकांत याला एक परिच्छेद मिळतो. त्यात बहुतेक वेळा एक आंधळा असतो, ज्याला दिल्लीहून फरफटत आणलं आणि दौलताबादला त्याचा फक्त एक पाय पोचला. वाचक हळहळतो आणि पान उलटतो.

ही हकीकत मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याची आहे. राजधानी हलली १३२७ च्या सुमाराला आणि इब्न बतूता दिल्लीत आला १३३४ मध्ये. म्हणजे त्याने हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही. काही वर्षांनंतर, सुलतानावर चिडलेल्या शहरात ऐकलेलं आहे. आपला प्रवास त्याने लेखनिकाकडून लिहवून घेतला तो मोरोक्कोला परतल्यावर, आणि तो ग्रंथ पुरा झाला १३५५ मध्ये. त्याच ग्रंथात तो दिल्ली-दौलताबाद रस्त्याचंही वर्णन करतो. चाळीस दिवसांची वाट, दुतर्फा झाडं, अंतराअंतरावर डाकेच्या चौक्या, बागेतून चालल्यासारखं वाटावं असा रस्ता. आंधळ्याची गोष्ट प्रत्येक पुस्तकात आली. झाडांची सावली फार थोड्या पुस्तकांत आली.

दुसरा साक्षीदार झियाउद्दीन बरनी. सतरा वर्षं तो सुलतानाच्या दरबारात होता, म्हणजे अगदी आतला माणूस. दिल्लीत कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही, असं तो लिहितो. पण तो लिहितो सुलतानाच्या मृत्यूनंतर, पद आणि मान गेल्यावर, हलाखीच्या म्हातारपणी. त्याचा ग्रंथ १३५७ चा. आणि दौलताबाद का निवडलं याचं कारणही तोच नोंदवतो: राज्याच्या सगळ्या टोकांना ते मध्यावर पडत होतं.

तिसरा साक्षीदार मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो आमच्याकडे आला आणि इथलाच झाला. इसामी तेव्हा सोळा-एक वर्षांचा होता. त्याच्या नव्वदीच्या आजोबांना घराबाहेर काढून वाटेला लावलं गेलं, आणि दिल्लीपासून फार लांब न जाता तिलपतलाच ते वारले. नातू दौलताबादला पोचला, इथे वाढला, आणि १३५० च्या सुमाराला त्याने फारसी पद्यात हिंदुस्थानच्या सुलतानांचा इतिहास पुरा केला. तुघलकाबद्दल त्याच्या शब्दांत निव्वळ संताप आहे. त्याला आजोबांचं मरण जसं कारण आहे, तसा आश्रयदाताही कारण आहे. तो होता बहमनी राज्याचा संस्थापक, ज्याने तुघलकाविरुद्धच्या बंडातून १३४७ मध्ये दौलताबादलाच स्वतःला सुलतान म्हणवून घेतलं. इसामीच्या दुःखाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. त्याच्या निवाड्याकडे मात्र सावधपणे पाहावं लागतं, कारण तुघलक जितका वाईट ठरेल तितकं त्याच्या धन्याचं बंड न्याय्य ठरणार होतं.

याखेरीज दगड आणि धातू आहेत. दिल्लीजवळच्या नारायणा आणि सरबन इथल्या १३२७-२८ मधल्या दोन संस्कृत शिलालेखांत व्यापारी घराण्यांनी विहिरी बांधल्याची नोंद आहे. ज्या गावात कुत्रं-मांजर उरलं नाही, तिथे कोणी विहीर बांधत नाही. दौलताबादच्या टांकसाळीतल्या काही नाण्यांवर या शहराला राजधानी म्हटलेलं आहे, आणि दिल्लीतही नाणी पाडली जातच होती. हे सगळं एकत्र ठेवून अनेक इतिहासकार म्हणतात की हलवले गेले ते मुख्यतः उमराव, दरबारी, धर्मपंडित, सूफी आणि त्यांचे कुटुंबकबिले. त्यांचे हाल झाले, वाटेत माणसं मेली, यात वाद नाही. पण सगळी दिल्ली इथे आली, असं काही ठरत नाही.

आणि जे आले त्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न लोकप्रिय पुस्तकं विचारतच नाहीत. सुलतानाने परतायची मुभा दिली तरी सगळे परतले नाहीत. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी यांच्या कबरी खुलताबादला आहेत. दिल्लीकडची बोली दख्खनच्या भाषांत मिसळत गेली आणि त्यातून दखनी उभी राहिली, जी आजही आमच्या बाजारात, एसटी स्टँडवर, शेजारघरी ऐकू येते. राजाच्या लहरीची गोष्ट म्हणून जी घटना एका परिच्छेदात संपते, तिच्यातून आमच्या अर्ध्या शहरांचं बोलणं आलेलं आहे.

वाचकाला कंटाळा येतो म्हणून टिपा आणि साधनांची चर्चा गाळली, असं प्रकाशक सांगतात. मी त्यांच्यापुढे हा सोळा वर्षांचा इसामी ठेवीन. या प्रकरणातलं सगळ्यांत चटका लावणारं माणूस साधनांच्या चर्चेतच सापडतं. ती चर्चा गाळली की उरतो एक वेडा राजा आणि एक तुटका पाय.

सामान्य माणसाला पुराव्याशी देणं-घेणं नसतं, हे म्हणणं निदान मराठवाड्यात तरी आता कुणी करू नये. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं. त्या काळात गावागावांत काय बोलणं चाललं होतं ते आठवा. नोंद कुठल्या सालची, खासरा पत्रकातली की जन्म-मृत्यूच्या रजिस्टरातली, कागद मोडीत आहे की उर्दूत, वाचणारा कोण, त्याने वाचलेलं तहसीलला चालतं का. हैदराबाद गॅझेट हे नाव पारावर पोचलं, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर तर ते घराघरांत झालं. आरक्षणाच्या त्या मागणीच्या बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघेही कागद दाखवा म्हणत होते. जो माणूस कचेरीत सालासकट, रजिस्टरासकट पुरावा मागतो, त्याला इतिहासाच्या पुस्तकात संदर्भ नको असतील, हे ठरवणारे आपण कोण? त्याला त्याची सवय नाही, एवढंच खरं आहे. आणि सवय नाही, कारण आपण त्याला तशी पुस्तकंच दिली नाहीत.

ही गरज मराठवाड्यात इतर भागांपेक्षा जास्त आहे, असं मी जाणूनबुजून म्हणतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत, त्याआधी फारसीत. जुनी दप्तरं मोडीतसुद्धा. आजोबांच्या नावचा शेताचा उर्दू कागद घरातल्या पेटीत आहे आणि घरात तो वाचणारं एकही माणूस नाही, अशी कुटुंबं आमच्याकडे हजारोंनी असतील. मूळ साधनांपर्यंत स्वतः पोचण्याचा मार्गच जिथे भाषेमुळे तुटला, तिथे मराठीत लिहिलेलं लोकांसाठीचं पुस्तक हेच एकमेव दार उरतं. त्या पुस्तकाची जबाबदारी म्हणून मोठी.

आणि हा धडा आपल्याला परदेशी ग्रंथांकडून घ्यायची गरज नाही. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी त्यांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्या माणसांपर्यंत जाऊन विचारून घेतल्या. परंपरा सांगते की पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी आठवणीतून पाठ पुन्हा सिद्ध केले. तेव्हा कुणाच्या आठवणीत काय वेगळं आहे, हे नावासकट नोंदवून ठेवण्याची पद्धत महानुभावांनी पाळली. एकच गुळगुळीत पाठ करून टाकणं त्यांना सोपं होतं. तीनशे वर्षांनी पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत शिरलेले अपपाठ शोधून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केली. तिच्या शेवटी वर्ष नोंदवलं आणि बजावून ठेवलं की यापुढे यात जो आपली ओवी घालील, तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवील. स्वतः समर्थ कवी असून त्यांनी आपली भर घातली नाही. ग्रंथ पंडितांसाठी होता म्हणून ही काळजी घेतली गेली, असंही नाही. तो बायाबापड्यांच्या तोंडी असलेला ग्रंथ होता.

विसाव्या शतकातही आमच्याकडे ही रीत होती. निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची फारसी बातमीपत्रं मराठीत आणली. औरंगजेबाच्या छावणीत रोज काय घडत होतं, हे फारसी न येणाऱ्या मराठी माणसाला त्यामुळे थेट वाचता आलं. पगडींचा निष्कर्ष पटो न पटो, कागद समोर होता. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी तर याहून अवघड काम केलं. शिवाजी महाराजांवरच्या एका अतिशय गाजलेल्या कादंबरीला त्यांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. लाखो मराठी वाचकांनी ती कादंबरी वाचली, आणि ज्यांनी ते पत्रही वाचलं त्यांना कळलं की बखरींवर किती विसंबायचं, कुठल्या साधनाचं वजन किती, कुठे पुरावा संपतो आणि कुठे लेखकाची कल्पना सुरू होते. लोकप्रिय पुस्तकाच्या पोटातच त्यांनी तपासणी ठेवून दिली. कादंबरीचा खप त्यामुळे कमी झाला नाही. उलट अनेक वाचक आजही त्या प्रस्तावनेसाठी ते पुस्तक हातात घेतात.

कुरुंदकरांचं बरंचसं लेखन व्याख्यानांतून आलं, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. गावोगावच्या व्याख्यानमालांत ते बोलायचे. समोर बसलेला माणूस शेतकरी आहे की वकील, याने त्यांच्या युक्तिवादाची पातळी खाली आली नाही. पुरावा सोप्या भाषेत सांगता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि म्हणून आजच्या लेखकांची सबब मला मान्य होत नाही.

सगळ्यांत जास्त काळजी मला १९४८ ची वाटते. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात, आणि त्या दिवसांत मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तिका वाचनालयातून जातात. बऱ्याच पुस्तिका एकीतून दुसरीत उतरवलेल्या असतात. स्वामी रामानंद तीर्थांचं नेतृत्व, १९३८ चा सत्याग्रह, वंदे मातरम् म्हटल्याबद्दल कॉलेजातून काढलेली मुलं, ३० जानेवारी १९४८ ची उमरी बँकेची लूट, रझाकारांनी जाळलेली गावं, लातूरला वकिली केलेला त्यांचा म्होरक्या कासिम रझवी. हे सगळं खरं आहे आणि ते प्रत्येक मुलाला ठाऊक असलंच पाहिजे. ज्यांनी ते सोसलं त्यांच्या आठवणी अजून घराघरांत आहेत.

पण त्याच वर्षाचं आणखी एक पान आहे. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतल्यावर, तिथे मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्यांची पाहणी करायला नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते फिरलं, आणि त्याने संपूर्ण संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आमचीच नावं होती. तो अहवाल सरकारने छापला नाही. कितीतरी दशकं तो लोकांसमोर आलाच नाही. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता, आणि त्यातल्या आकड्यावर आजही वाद होतो. वाद व्हायलाही हवा. पण वाद करायचा तर अहवालात काय आहे, पथक कुठे कुठे गेलं, कुणाशी बोललं, सरकारचं म्हणणं काय होतं, हे पुस्तकात असायला नको का?

होतं असं की एका बाजूच्या पुस्तिकेत फक्त रझाकार असतात आणि दुसऱ्या बाजूच्या लेखनात फक्त सुंदरलाल. एका घरात एक वाचलं जातं, चार घरं पलीकडे दुसरं. दोन्हीकडे संदर्भ नाहीत, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तपासता येत नाही. फक्त खोटं म्हणता येतं. एकाच गावात राहणाऱ्या, एकाच आठवडी बाजाराला जाणाऱ्या माणसांत गेल्या पाऊणशे वर्षांत या विषयावर मोकळेपणी बोलणं झालेलं नाही. मला वाटतं, दोन्ही पानं एकत्र छापणारं, प्रत्येक वाक्याखाली ते कुठून आलं हे सांगणारं, शंभर-सव्वाशे रुपयांत मिळणारं साधं मराठी पुस्तक हे आज आमच्या आठ जिल्ह्यांचं मोठं सार्वजनिक काम आहे. अनंत भालेरावांसारख्या संपादकाने लढ्याचा इतिहास मराठीत लिहून ठेवला. तो पाया आहे. त्यावर पुढचं बांधकाम व्हायचं राहिलंय.

इथे एक धोका मला दिसतो आणि तो सांगायलाच हवा. पुरावा मागा, पुरावा मागा म्हणता म्हणता काही तरुण अशा जागी येतात की कुणावरच विश्वास ठेवायचा नाही. सगळेच इतिहासकार विकले गेलेले, सगळेच ग्रंथ कुणाच्या तरी सोयीचे, मग मोबाईलवर आलेली चित्रफीत काय आणि पगडींचा खंड काय. ही वृत्ती भोळेपणापेक्षाही वाईट आहे, कारण भोळ्या माणसाला निदान शिकता येतं. यावर उपायही शेवटची पानंच. इसामी चिडलेला होता हे कळल्यावर इसामी निरुपयोगी ठरत नाही. तो कुठे भरवशाचा आणि कुठे नाही हे कळतं. शिलालेखाने बरनीला खोडलं म्हणून बरनी फेकून द्यायचा नसतो. साधनं शेजारी ठेवून तोलायची असतात, आणि हे तोलणं वाचकाने पाच-दहा वेळा प्रत्यक्ष पाहिलं की त्याला ते जमायला लागतं. शंका आणि अविश्वास यांतला फरक उपदेशाने शिकवता येत नाही, उदाहरणांनी येतो.

प्रकाशकांची अडचण मी समजू शकतो. कागद महागला आहे, मराठी आवृत्त्या छोट्या निघतात, चाळीस पानं वाढली की किंमत वाढते आणि ग्राहक हात आखडतो. मग टिपा लहान टाइपात छापा. अगदीच जमत नसेल तर त्या संकेतस्थळावर ठेवा आणि पुस्तकात पत्ता द्या. पण विषयसूची तरी गाळू नका. ज्या पुस्तकात तेर, पैठण, भोकरदन कुठल्या पानावर आहेत हेच सापडत नाही, ते पुस्तक वाचनालयात दुसऱ्यांदा कुणी उघडत नाही. अनुवादकाला टिपांसाठी वेगळं मानधन द्या, कारण ते वेगळं काम आहे. त्याने इथल्या वाचकासाठी आपल्या दोन-चार टिपा घालाव्यात. रोमच्या व्यापाराचं प्रकरण चाललं असेल तर पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचे मौल्यवान खडे आणि तगर, म्हणजे आपल्या तेरचं, कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे, हे तिथेच सांगावं. इ.स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईत जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्या जातकुळीच्या मूर्ती तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. धाराशिवहून तेर जवळ आहे. पुस्तक वाचून मुलगा रविवारी तिथल्या संग्रहालयात जाऊ शकतो.

विद्यापीठांकडून माझी अपेक्षा आणखी मोठी आहे. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथे इतिहासावर प्रबंध होतात. ते करणाऱ्यांतल्या अनेकांनी उर्दू कागद वाचलेत, खेड्यात जाऊन म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्यात. त्या प्रबंधाचं दीडशे पानांचं मराठी पुस्तक करणं हे बढतीच्या गुणांत धरलं जायला हवं. ते धरलं जात नाही म्हणून हुशार माणसं लोकांसाठी लिहीत नाहीत, आणि मग ती जागा एका पुस्तिकेवरून दुसरी पुस्तिका उतरवणारे भरतात.

आणि आम्ही वाचनालयवाले. हैदराबाद संस्थानाच्या भागाला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९५५ मध्येच मिळाला होता, महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. इतक्या जुन्या परंपरेच्या भागात ग्रंथखरेदी अजूनही वितरकाच्या यादीवर आणि सवलतीच्या टक्क्यावर ठरते, हे मला बोचतं. अनुदान थोडं आणि उशिरा येतं, ग्रंथपालाचं मानधन तुटपुंजं, हे खरं आहे. तरी पुस्तक हातात घेऊन शेवटची पानं उघडून पाहायला अनुदान लागत नाही. संदर्भ नसलेलं इतिहासाचं पुस्तक घ्यायचं झालंच तर त्याच विषयावरचं संदर्भांसह लिहिलेलं दुसरं पुस्तक शेजारी घ्यावं, असा नियम कुठलीही समिती स्वतःपुरता करू शकते. आमच्या समितीत मी तो मांडला आहे, आणि त्यावर भांडण चालू आहे.

व्याख्यानमाला चालवणाऱ्या मंडळांनाही हे जमण्यासारखं आहे. येत्या १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावर ज्याला बोलवाल, त्याच्याकडून आधी एक पान मागून घ्या. तो जे सांगणार आहे ते कुठल्या ग्रंथांतून, कुठल्या अहवालातून, कुणाच्या मुलाखतीतून घेतलं, एवढंच त्यावर लिहिलेलं असावं. त्याच्या प्रती काढून खुर्च्यांवर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यातलं एखादं नाव घेऊन कुणी वाचनालयात आलं, तर ते पुस्तक कपाटात असेल याची काळजी आम्ही घेऊ.